एका दमाची हूल

अन्याय मंगल वाघमारेवर झाला. साजगावच्या मागे, डोंगराला टेकून असलेल्या कातकरवाडीतली मंगल. नववीची परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी चारला पाच मिनिटं कमी असताना, खोपोलीच्या बाजारातल्या एका गेम पार्लरमध्ये, सतरा-अठरा माणसांदेखत तिची पिशवी जमिनीवर उलटी केली गेली. वेळ मला पक्की माहीत आहे. भिंतीवरच्या घड्याळाखेरीज दुसरीकडे कुठे बघायची माझी हिंमत नव्हती.

हे आधी लिहून टाकते. पत्रकं लिहून लिहून लागलेली सवय आहे. कोणावर, कधी, कुठे, हे पहिल्या चार ओळींत आलं नाही तर वाचणारा त्या कागदावर चहाचा कप ठेवतो. पण हे पत्रक नाही. पत्रकात वास येत नाहीत, आणि मला त्या खोलीचा आधी वासच आठवतो.

आठवायला कारण झालं एक भंगाराचं दुकान. गेल्या महिन्यात चुकीच्या छापलेल्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन साजगाव नाक्यावर गेले होते. छापखान्याने 'वनहक्क'चं 'वनहाक' करून ठेवलं होतं. आमच्या संघटनेतली पोरं म्हणाली, चालेल की, अर्थ तोच हाय. मी म्हटलं, नाही चालणार. भंगारवाला गठ्ठा तोलत होता आणि मी उगाच इकडेतिकडे बघत होते. एका गोणीतून वायर लोंबत होती. तिच्या टोकाला काळा रिमोट. गेम खेळायचा, दोन मुठींचा, अंगठ्याखाली दोन काड्या असलेला. खोपोलीतली सगळी पोरं त्याला रिमोटच म्हणायची. त्याच्या उजव्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती आणि उजव्या काडीच्या टोकावर चपलेच्या रबराची चकती बसवलेली होती.

"कुठून आलं हे?"

"बाजारातलं ते पार्लर नव्हतं का, ताई? माळा पाडला त्याचा. कपड्याचं दुकान होतंय तिथं. माळ्यावरचं हाय सगळं."

ती पट्टी मंगलने माझ्यासमोर गुंडाळली होती, घामाने मूठ सटकू नये म्हणून. याच रिमोटच्या चोरीच्या संशयावरून तिची पिशवी उलटी केली होती. आणि तो इतकी वर्षं पार्लरच्याच माळ्यावर होता.

तर, वास. पडदे लावून अंधार केलेली खोली, तापलेल्या टीव्हीचा वास, घामाने चिकट झालेल्या खुर्च्यांचा, कोणीतरी फोडलेल्या चकलीच्या पाकिटाचा. खिडकी उघडली की कारखान्यांकडून भाजलेल्या लोखंडाचा वास यायचा, म्हणून काका ती उघडायचे नाहीत. काका म्हणजे पार्लरचे मालक. आम्ही दोघी सोडून तिथे सगळे मुलगे. घरी मी "पार्लरला जाते" एवढंच सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं. आईने चार महिने मला भुवया कोरून घेणारी मुलगी समजून माफ केलं. मग एकदा माझी हनुवटी धरून म्हणाली, "गेल्या शनवारी पार्लर, ह्या शनवारी पार्लर. ह्या भुवया तर रानागत वाढल्यात. ती बाई करते तरी काय गं?"

फुटबॉल आणि गाड्यांच्या डिस्कवर मुलांचा ताबा असायचा. बास्केटबॉलची कोणी मागत नसे, म्हणून ती आमच्या वाट्याला आली. खरा बास्केटबॉल आम्ही हातात धरलेला नव्हता. एका कारखान्याच्या वसाहतीत एक गंजकी रिंग होती, पण वॉचमन आम्हाला फाटकातूनच विचारायचा, काय पायजे. मंगलला जरा जास्तच मोठ्याने विचारायचा. तेव्हा मला वाटायचं, तिचा आवाज बारीक आहे म्हणून असेल.

कबड्डी मात्र आम्हाला येत होती. शाळेच्या संघात ती चढाईला, मी कोपऱ्यात. त्यामुळे पहिल्या दिवशी तिने ती चूक केली. पडद्यावरच्या तिच्या माणसाच्या हातात चेंडू आला, तो टप्पे मारत पुढे निघाला, आणि शेजारून मला बारीक पुटपुट ऐकू आली. कबड्डी-कबड्डी-कबड्डी-कबड्डी.

"अगं, हे काय करतेस?"

दम तुटला तशी तिने चेंडू दुसऱ्याकडे टाकून दिला. "चढाई हाय ना?"

"इथे दम नाही धरायचा, मंगल. बास्केटबॉल आहे हा."

"मग परतायचं कदी ते कळणार कसं?"

मी हसले. पण सांगते, तो खेळ हाच प्रश्न विचारतो. पडद्यावर खेळाडूच्या नावाखाली एक पट्टी असते, त्याच्या ताकदीची. पळायचं बटण दाबून ठेवलं की ती आटते. काडी हलवून हुली देत राहिलं की आणखी आटते. मग तो गडी चिखलात रुतल्यासारखा चालतो आणि समोरचा त्याच्या हातातून चेंडू काढून घेतो. मुलांना ते दिसायचंच नाही. मंगलची पट्टी कधी रिकामी झाली नाही, कारण तिचा खरा श्वास त्याच्या आधी संपायचा. एका दमात काय होईल ते करायचं. नाही झालं तर चेंडू सोडायचा आणि पुन्हा दम घ्यायचा.

इंग्रजी नावं आम्हाला उच्चारता येत नव्हती, आणि ती आमच्या कामाचीही नव्हती. चेंडू या हातातून त्या हातात टाकला की हूल. जाता जाता क्षणभर थांबल्यासारखं दाखवलं की थबक. पाठीमागून काढला की चोरवाट. जागच्या जागी गिरकी म्हणजे भोवरा, आणि भोवरा मंगलला आवडायचा नाही. "पाठ दाखवली की गेलं," म्हणायची.

शिकवलं तिनेच, आणि पार्लरमध्ये नाही. गणपती होऊन गेलेले, वाडीमागचा ओहोळ निवळलेला. पाण्याला जांभ्याचा आणि कुजक्या पानांचा वास. एका दगडाखाली डेंगे उगारून बसलेली चिंबोरी. मंगलने डावा हात तिच्यासमोर पाण्यात धरला, नुसता धरला. चिंबोरी त्या हाताकडे वळली.

"आता," ती म्हणाली, आणि उजव्या हाताने पाठीवरून उचललीसुद्धा.

मी करायला गेले तर बोट धरून घेतलं तिने. चिंबोरीने.

"तू दोन्ही हात एकदम घातलेस," मंगल हसून हसून पाण्यात बसली. "ती वळली का बघितलंस? वळली नाय तवर दुसरा हात घालायचा नाय. हूल आपुन देतो, पण कदी ते ती सांगते."

पुढच्या शनिवारी मी पडद्यावर चेंडूकडे बघणं सोडलं आणि समोरच्या गड्याच्या पायांकडे बघायला लागले. त्याचा पाय डावीकडे पडला की चेंडू उजवीकडे. पाय पडेपर्यंत काही नाही. पळायच्या बटणावरचं बोट उचललेलं, चेंडू त्याच्यापासून लांबच्या हातात, मध्ये आपलं अंग. पाय पडला की काडी एकदाच, आणि मग पळायचं बटण. एकदाच. दुसऱ्यांदा तीच हूल दिली की मंगल माझ्या दंडाला चिमटा काढायची. "एकदा दिली तर हूल. दोनदा दिली तर नाच."

ते एक वर्ष मला महिन्यांनी नाही, बोटांच्या वासाने आठवतं. पावसाळ्यात चिंबोऱ्यांचा. कार्तिकात साजगावची जत्रा भरायची आणि सुक्या बोंबलांचा वास वर्गात, वह्यांत, आईच्या पदरात, रिमोटच्या बटणांत जाऊन बसायचा. थंडीत शेतात मडक्यात शेंगांची पोपटी लावली की दुसऱ्या दिवशीही हाताला भांबुर्डीच्या पाल्याचा वास असायचा. उन्हाळ्यात करवंदांचा चीक. इतर नद्या आटल्या की आमच्या पाताळगंगेला वीजघरातून सुटलेलं पाणी असायचं, गार, घाईत असल्यासारखं, आणि त्याचा आवाज पार्लरच्या जिन्यापर्यंत यायचा. काका आमच्याकडून पैसे कमी घ्यायचे, कारण मंगल त्यांच्या घरी चिंबोऱ्या द्यायची, मार्चनंतर काकूंसाठी पळसाच्या द्रोणात करवंदं. "आपली मंगल," म्हणायचे काका. मला आता 'आपली' या शब्दाचीच भीती वाटते. ज्याच्या तोंडी तो फार येतो, त्याच्या हाताकडे मी लक्ष ठेवते.

सनी काकांचा भाचा. शनिवार-रविवारी पनवेलहून यायचा. त्याला सगळ्या हुली यायच्या आणि तो त्या सगळ्या द्यायचा, एकामागून एक, जागच्या जागी. भोवरा, थबक, भोवरा, चोरवाट. मागची पोरं शिट्ट्या मारायची. चेंडू मात्र रिंगच्या दिशेने वीतभर सरकलेला नसायचा.

"नंदीबैलागत मान हलवतोय निस्ता," मंगल माझ्या कानात म्हणाली, आणि ते त्याला ऐकू गेलं.

म्हणून परीक्षेनंतरच्या त्या शनिवारी तो म्हणाला, "ये ना मग. बघू तुझी."

खोली भरली. मला त्या सामन्यातलं सगळं आठवत नाही. सनीच्या गड्याच्या नावाखालची पट्टी सारखी रिकामी व्हायची ते आठवतं, आणि मंगलच्या ओठांची हालचाल. शेवटी बरोबरी होती. चेंडू मंगलकडे. घड्याळात शेवटचे काही सेकंद. तिचा गडी जवळजवळ चालतच होता. टप, टप. सनी रागाने उजवी काडी इकडून तिकडे ढकलत होता. मंगलने थबक दाखवली. सनीच्या गड्याचा पाय पुढे पडला.

एक हूल.

तिने ती देताना काडी इतकी थोडी हलवली की अंगठा हललेला मला दिसलाच नाही. सनीचा गडी जिथे चेंडू नव्हता तिथे उडी मारून बसला, आणि मंगलचा त्याच्या शेजारून गेला, जसं आपण थांबलेल्या टेंपोच्या शेजारून जातो. चेंडू रिंगमध्ये पडल्यावरच तिने श्वास घेतला. मोठ्याने.

खोली आधी हसली. सनीवर. मग कोणीतरी मागून म्हणालं, "ती कायतरी पुटपुटते, बघितलं का?"

"हो रं. मगापासून चाललंय."

"मंतर मारते. यांच्यात असतात भगत."

"आणि रिमोटला रबर कशाला गुंडाळलंय? काय घातलंय आत?"

हे थट्टेतच चाललं होतं. थट्टेवर मी तेव्हापासून विश्वास ठेवत नाही. संशय पहिल्यांदा घरात येतो तो हसतच येतो, चप्पल काढून.

मला माहीत होतं की ती कबड्डी-कबड्डी म्हणत होती. सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी म्हणणार होते. तेवढ्यात वीज गेली. वीज तयार करणाऱ्या आमच्या गावातली वीज. पंखे थांबले, सगळे धक्काबुक्की करत बाहेरच्या गॅलरीत आले, शर्टाने वारा घेत उभे राहिले. पंधरा मिनिटांनी वीज आली तेव्हा टेबलावर एकच रिमोट होता.

काकांची नजर सतरा-अठरा चेहऱ्यांवरून फिरली नाही. ती थेट गेली.

"पिशवी बघू गं."

"का?"

"बघू दे म्हटलं ना. काय नसलं तर घाबरतेस कशाला?"

"घाबरत नाय, काका. का म्हणून इच्यारते."

सनीने पिशवी घेतली आणि उलटी केली. परीक्षेचं पॅड. गुडघ्याला बांधायची पट्टी. एक ओढणी. आणि पळसाचा द्रोण, काकूंसाठी आणलेला. करवंदं टीव्हीच्या टेबलाखाली, खुर्च्यांखाली, मुलांच्या चपलांखाली गेली. चिरडलेल्या करवंदाचा आंबटगोड वास अजून कुठे आला की मी आधी पायाखाली बघते.

रिमोट नव्हता.

"म्हणजे लपवला," कोणीतरी म्हणालं.

हे वाक्य नीट वाचा. सापडला असता तर ती चोर होती. सापडला नाही, तर हुशार चोर. या खेळात तिच्या बाजूने पडेल असं दानच नव्हतं. सनी म्हणाला, "थांब, हलू नको," आणि त्याने फोटो काढला. पुढ्यात उलटी पिशवी, हात कोपरापर्यंत करवंदाच्या चिकाचे, कॅमेऱ्याकडे बघणारी चौदा वर्षांची मुलगी.

माझ्या खांद्यालाही पिशवी होती. चेन लावलेली. ती कोणी मागितली नाही. आणि मी ती कोणापुढे केली नाही.

आमच्या घरावर निळा झेंडा असतो. आजोबांना गावाच्या पाणवठ्यावर लोक कसे बघायचे, ते मी ताटावर बसून हजारदा ऐकलं होतं. ती नजर मला तोंडपाठ होती. त्या दिवशी ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली नाही, आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. भाषणात मी हे कधी बोलत नाही.

त्याहून वाईट पुढे आहे. आम्ही नदीच्या कडेने परत चाललो होतो. पाणी सुटलं होतं, त्याचा गार वारा अंगावर येत होता. मी विचारलं, "घेतलास का गं? मला सांग, मी कोणाला नाही बोलणार."

ती थांबली. मी तिच्या हातांकडे बघत होते.

"हाताकडं काय बघतेस," मंगल म्हणाली. "पायांकडं बघ. पळालेत का कुठं? तुज्याबरोबरच चाललेत ना?"

मग ती पुढे गेली, आणि वाडीकडे वळताना तिने मागे पाहिलं नाही. जूनमध्ये बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी होती. त्यानंतर मी तो गेम खेळले नाही. तो बंद झाला, नवे आले, आता पोरं फोनवरच खेळतात. अजूनही कोणाच्या खांद्यावरून डोकावलं तर मला सनीच दिसतो, जागच्या जागी भोवरे घालणारा.

फोटो मात्र चालत राहिला. कोणाचा गॅस सिलेंडर गेला, फोटो. कुठल्या गोठ्यातली बकरी गेली, फोटो. खाली लिहिलेलं, 'सावध राहा, ही बाई परिसरात फिरत आहे.' बाई. मी लग्नानंतर कर्जतला, दहिवलीत राहायला आले, तर इथल्या सोसायटीच्या ग्रुपवरही तो मला भेटायला आला. फोटोतली मुलगी चौदाचीच राहिली, आरोप तेवढा वयात आला.

मंगल आता वाडीतल्या मुलींना कबड्डी शिकवते. शेतातला दगड वेचून त्यांनीच मैदान केलंय. तिच्या मुली तालुक्याला जिंकून आल्या, तेव्हा एका शाळेने तिला बोलावलं, मुलींच्या संघाला शिकवायला, पगारी. "सोमवारपासून या," म्हणाले. रविवारी कोणीतरी शाळेच्या ग्रुपवर तो फोटो टाकला. सोमवारी निरोप आला, "जरा थांबा, कळवतो." ती अजून थांबली आहे.

रिमोट घेऊन मी वाडीवर गेले. ती मैदानाच्या रेघा फक्कीने आखत होती. पदराला हात पुसून तिने तो घेतला. अंगठा आपोआप उजव्या काडीवर गेला.

"रबर हाय की अजून," ती म्हणाली.

"माळ्यावर होता, मंगल. त्यांच्याच माळ्यावर. कोणी ठेवला असेल ते मी शोधून काढते. पत्रक काढते, नावानिशी."

ती काडी हलवत राहिली. डावीकडे, थोडीशी. तिथे कोणी नव्हतं.

"आनि तुज्या मनात कुनाचं नाव हाय?"

मी सांगितलं.

"बघितलंस ठेवताना?"

"नाही."

"मग माजंपन असंच कुनीतरी सांगितलं हुतं." तिने रिमोट माझ्या हातात परत दिला. "नाव नको काढू कुनाचं. फोटो तेवढा पुसायला सांग. आनि तू गप का हुतीस त्ये लिव्ह."

म्हणून हे लिहिलं. मंगल सोडून कोणाचं आडनाव मी दिलेलं नाही. सनी हेही त्याचं खरं नाव नाही. आहे ते माझं गप्प बसणं, आणि तुमचं.

तुमचंही, कारण तुम्ही खोपोलीत, साजगावात, कर्जतमध्ये, दहिवलीत राहत असाल तर तो फोटो तुमच्या फोनमध्ये आलेला आहे. तुम्ही तो पुढे पाठवला असेल, किंवा पाठवला नसेल आणि पुसलाही नसेल. 'काय सांगावं, असेलही' असं म्हणून ठेवून दिला असेल. मी मनात म्हटलं होतं तसंच.

आता उठा आणि फोन हातात घ्या. तो फोटो शोधा. ज्या ग्रुपवर तो आला, त्याच ग्रुपवर लिहा: 'रिमोट पार्लरच्या माळ्यावर सापडला. मंगल वाघमारेने काही घेतलं नव्हतं.' मग फोटो पुसा. आणि त्या दुपारी तुम्ही त्या खोलीत असाल, तर मंगलला थांबायला सांगणाऱ्या त्या शाळेत जा आणि हेच तोंडाने सांगा.

कबड्डी-कबड्डी म्हणत, एका दमात होण्याइतकंच काम आहे. दम घ्या आणि करा.